साडेचार तातामीतलं ठिबक

त्या खोलीत कढीपत्त्याशिवाय काहीही नाही, हे त्या घरच्या माणसांखेरीज फक्त मला माहीत होतं. बारा कुंड्या, बारा ड्रिपर, एक पंप, एक टायमर, सगळं मी माझ्या हातांनी जोडलं होतं. तरी ज्यांनी मला सरळ विचारलं, त्यांना मी सरळ सांगितलं नाही. हे लिहायला बसलो की माझा हात आधी दुसऱ्यांच्या चुकांकडे धावतो. त्या चुका झाल्याच होत्या आणि त्या सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून त्याही सांगतो. वाचणाऱ्याने त्यांना किती वजन द्यायचं ते त्याने ठरवावं.

इथे जपानात, निशी-कसाई स्टेशनपासून सहा मिनिटांवर माझं किराणा दुकान आहे. डाळी, पिठं, मसाले, गोठवलेले पराठे. इथे येणारी आपली माणसं बहुतेक कंपनीच्या करारावर येतात, पहिल्या दिवसापासून पाठीला लॅपटॉप. मी आलो तो एका भारतीय हॉटेलच्या किचनमध्ये कांदे सोलायला. त्याआधी निफाडला एका ठिबक सिंचनाच्या दुकानात सहा वर्षं काढली होती, द्राक्षबागांत नळ्या अंथरून द्यायचं काम. जपानी मी वर्गात शिकलो नाही, घाऊक बाजारात घासाघीस करताना शिकलो. त्यामुळे व्याकरणात माझी फजिती होते, भावात होत नाही. दुकान उभं करताना कोणी हात दिला नाही, आणि हे मी जरा जास्तच वेळा लोकांना ऐकवतो, असं माझी बायको म्हणते.

दुकानदाराला इथे एका गोष्टीची कायमची डोकेदुखी असते, ताजा कढीपत्ता. सामानातून आणला तर विमानतळावर काढून घेतात. दक्षिणेकडच्या बेटांवरून थोडा येतो, तो महाग, आणि पाकीट उघडेपर्यंत निम्मा काळा पडलेला. गिऱ्हाईक पाकीट हातात घेतं, दाबून बघतं, आणि माझ्याकडे असं बघतं की जणू मीच तो काळा केला.

हिगाशी-कसाईला राहणाऱ्या एक वहिनी महिन्यातून दोनदा दुकानात यायच्या. पुण्याच्या. नवरा एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात मोठ्या हुद्द्यावर, मुलगी तिसरीत. त्यांनी कोणाकडून तरी कढीपत्त्याचं एक रोप मिळवून, त्याच्या बिया रुजवून बारा झाडं केली होती. उन्हाळ्यात गॅलरीत, थंडीत आतल्या साडेचार तातामीच्या, म्हणजे साडेचार गवती चटया मावतील एवढ्या खोलीत. एका ऑक्टोबरात त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, दिवाळीला तीन आठवडे पुण्याला जायचंय. मागच्या वर्षी परत आलो तर सगळ्यांच्या काड्या झाल्या होत्या. किल्ली तुमच्याकडे ठेवली तर पाणी घालाल?"

"घालायला मी येणार नाही. पाणी आपोआप पडेल असं करून देतो," मी म्हणालो. "पण फुकट नाही."

"बोला."

"दर शुक्रवारी जेवढी पानं उतरतील, त्यांचा तिसरा हिस्सा दुकानाला."

"चौथा."

"चौथ्या हिश्शात मी फक्त सल्ला देतो, वहिनी."

त्या हसल्या आणि तिसऱ्यावर आल्या. कागद काही केला नाही. आपल्या माणसांत कागद करायचा तर आधी भांडण करावं लागतं.

त्यांच्या घरी गेलो तर साहेबांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, इंटरनेटवरून झाडांसाठीचा तंबू आधीच मागवला होता. बाहेरून काळा, आतून चंदेरी, चेन ओढून बंद होणारा, माणूस उभा राहील एवढा. आत जांभळा उजेड पाडणारे दिवे आणि हवा फिरवायला पंखा. साहेबांनी मला फोनवर व्हिडिओ दाखवायला सुरुवात केली. घरातल्या कुंड्यांना पाणी कसं जोडावं हे इतक्या मायेने समजावणारी माणसं मी निफाडलाही पाहिली नव्हती. एक दाढीवाला तर प्रत्येक कुंडी उचलून तिचं वजन हातानेच जोखत होता. कुंडी हलकी लागल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, द्यायचं तेव्हा तळातून थेंब गळेपर्यंत द्यायचं, असं त्याचं म्हणणं. माणूस खरं बोलत होता. तिसऱ्या व्हिडिओत माझं लक्ष त्याच्या मागच्या पानांकडे गेलं.

"साहेब, हा गांजा आहे."

"त्यांच्या देशात चालतो, शेठ. आपण फक्त पाण्याचं बघायचं."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "छान. दोन बाप्ये माझ्या घरात बसून गांजाचा अभ्यास करतायत. बिस्किटं देऊ की काही तिखट लागेल?"

आम्ही तिघंही हसलो. कढीपत्त्यालाही पाय ओले राहिलेले आवडत नाहीत, त्यामुळे दाढीवाल्याचा नियम आम्हाला लागू होता. मी होम सेंटरमधून, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातून, मुठीएवढा पंप, बारीक नळी आणि वीस लिटरची टाकी आणली. ड्रिपर मात्र नाशिकहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून मागवले, कारण इथले मला पटेनात. एक मुख्य नळी तंबूभर फिरवली, तिला बारा भोकं पाडली, प्रत्येक कुंडीला एक फाटा दिला. दर तिसऱ्या दिवशी सकाळी सहा मिनिटं पंप चालेल असा टायमर लावला. सगळ्या कुंड्यांखाली वाट्या ठेवून पाणी मोजलं, एकीत जास्त नाही, एकीत कमी नाही. साहेब माझ्या मागे उभं राहून वहीत आकृती काढत होते. मला त्याचा अभिमानच वाटला. आपलं काम कोणी उतरवून घेतं याचा.

एक चूक केली आणि ती माझी होती. टाकी मी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. बागेत टाकी उंचावरच असते, हाताला तीच सवय. पण बागेत खाली तोटी असते आणि ती आपण बंद करतो. इथे पंप थांबला तरी पाणी उतारावरून स्वतःहून ओढलं जात राहिलं आणि टाकी रिकामी होईपर्यंत थांबलं नाही. कुंड्यांखालून ते तातामीत मुरलं आणि दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या छताला बशीएवढा डाग पडला.

खाली एक सत्तरीच्या बाई एकट्या राहायच्या. आम्ही मिठाईचा डबा घेऊन त्यांच्या दारात गेलो, साहेब, वहिनी आणि बोलायला मी. मी वाकून सांगितलं की नळ्या मी बसवल्या, चूक माझी आहे, टाकी आता जमिनीवर ठेवली आहे. बाईंनी छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "डाग गोल आला आहे. वाकडातिकडा असता तर त्रास झाला असता." तेव्हापासून त्या अधूनमधून माझ्या दुकानात यायला लागल्या. चहाचा मसाला घ्यायच्या, मला तेन्चो-सान म्हणायच्या, म्हणजे दुकानदारसाहेब. राजमा कसा शिजवायचा हे त्यांनी मला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा लिहून घेतलं. त्या इमारतीतल्या रहिवाशांच्या त्या वर्षीच्या प्रमुख होत्या. कचऱ्याचे वार, जिन्यातले दिवे, फलकावरची पत्रकं, सगळं त्या बघायच्या.

दिवाळीहून मंडळी परत आली तर झाडं हिरवीगार. पुढचे चार महिने दर शुक्रवारी वहिनी सायकलवरून पिशवी आणून द्यायच्या. ओल्या फडक्यात गुंडाळलेली, देठासकट, वास असा की गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं. मी ती पाकिटं गल्ल्याशेजारी ठेवायचो. तासाभरात संपायची.

मग मार्चमध्ये इथल्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन झालं. शाळेचं सभागृह, पडद्यावर चित्रं दाखवत साहेबांचं भाषण, विषय घरातल्या झाडांसाठी स्वयंचलित पाणी. माझी नळी, माझे ड्रिपर, वाट्यांत मोजलेलं माझं पाणी, सगळं पडद्यावर. माझं नाव नाही. संपल्यावर मी मागून म्हणालो, "साहेब, हे बसवलं कोणी तेही सांगा की."

"अरे हो, शेठ आहेत ना इथे. प्लंबिंग त्यांचं," साहेब माइकवर म्हणाले. "सिस्टीम आपली."

लोक हसले. वाईट हसले नाहीत, सभेत हसतात तसेच हसले. पण मला अजून तो आवाज ऐकू येतो. प्लंबिंग. सहा वर्षं मी द्राक्षांच्या मुळाशी बसून काढली होती.

त्या शुक्रवारी पिशवी आली नाही. वहिनींचा मेसेज आला, भाऊजी, या वेळची पानं मंडळाच्या जेवणाला दिली, सॉरी. पुढच्या शुक्रवारी तसंच. तिसऱ्या शुक्रवारी मेसेजही नाही. मी बायकोला म्हणालो, "भाषण झालं, काम झालं, आता हिस्सा कसला." ती म्हणाली, "फोन करून विचारा." मी विचारलं नाही. ठरलेल्या हिश्शासाठी फोन करायचा म्हणजे भीक मागायची, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, आजही थोडं वाटतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी खालच्या बाई दुकानात आल्या. चहाचा मसाला घेतला, पैसे दिले, तरी हलेनात. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मग म्हणाल्या, "तेन्चो-सान, फलकावर लावायला एक पत्रक आलं आहे. घरात गांजा पिकवणाऱ्यांबद्दल. दिवसरात्र जांभळा उजेड, पंख्याचा आवाज, उग्र वास, असं काही दिसलं तर कळवा म्हणून. वरच्या घरी तिन्ही आहे. मला त्या बाई आवडतात. तुम्ही पाणी बसवलं आहे, म्हणून तुम्हालाच विचारते. त्या काय लावतात?"

एवढं सोपं उत्तर मला आयुष्यात कोणी मागितलं नसेल. कढीपत्ता. आमटीत घालतात. मागच्या शेल्फवर त्याच्या वाळलेल्या पानांचा डबासुद्धा होता, तो काढून वास दिला असता तरी पुरलं असतं.

इथे एक रीत आहे. नको असलेली गोष्ट लोक तोंडाने म्हणत नाहीत. मान थोडी तिरकी करतात, दातांतून हवा आत ओढतात, आणि "चोत्तो..." एवढंच म्हणून वाक्य सोडून देतात. म्हणजे जरा... बाकीचं ऐकणाऱ्याने स्वतः भरायचं. पंधरा वर्षं घाऊक बाजारात मी याच अर्ध्या शब्दाने भाव पाडले आहेत. माल खराब आहे असं म्हटलं तर भांडण होतं, "चोत्तो" म्हटलं तर समोरचा आपणहून खाली उतरतो.

मी मान तिरकी केली. म्हणालो, "साऽ, त्याबद्दल चोत्तो..."

 बाई "असं होय," म्हणून वाकल्या आणि गेल्या. त्या दाराबाहेर पडेपर्यंत मला त्यांना हाक मारता आली असती. सिग्नलला त्या थांबल्या होत्या, तेव्हाही मारता आली असती. मी गल्ल्यामागे उभा राहून मनात म्हणत होतो की येऊ दे इमारत सांभाळणाऱ्या कंपनीचा माणूस चौकशीला, साहेबांना जरा धावपळ होऊ दे, मग मला बोलावतील आणि मग कळेल प्लंबिंग कोणाचं. पोलिसांचा विचार मी केला नव्हता. की केला होता आणि बाजूला सारला, हे मला आता खात्रीने सांगता येत नाही.

आठ दिवसांनी सकाळी नऊच्या सुमारास वहिनींचा फोन आला. आवाज अगदी हळू. "भाऊजी, पोलीस आलेत घरी. चार जण आहेत. यांचा फोन लागत नाही, मुलगी शाळेत गेलीय. मला ते काय विचारतायत ते निम्मं कळत नाहीये. तुम्ही या. तुम्हीच जोडलंय, तुम्हीच सांगा."

मी दुकान तसंच टाकून सायकलवर निघालो. त्यांच्या दारात चार जोड बूट नीट ओळीने, टोकं बाहेर करून ठेवलेले होते. आत वहिनी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या होत्या, अंगावर घरातला गाऊन, वर कोट. त्यांच्या शेजारी एक महिला पोलीस उभी होती. वहिनींनी आपल्याच घरात उठायची परवानगी मागितली तेव्हा मी दारात होतो. आधी "सुमिमासेन", म्हणजे माफ करा, आणि मग "पाणी प्यायचंय," असं त्या म्हणाल्या.

तंबूची चेन उघडी होती. हातमोजे घातलेला एक अधिकारी पान चिरडून वास घेत होता. दुसरा माझ्या नळ्यांचे फोटो काढत होता, एकेक फाटा, एकेक ड्रिपर. "हे कोणी बसवलं?" त्याने विचारलं. मी बसवलं म्हटलं. मग मी सगळं सांगितलं, इतकं व्यवस्थित, इतकं पूर्ण की मलाच माझी लाज वाटत होती. झाड कोणतं, कुठलं, कशात घालतात, पाणी किती, उजेड का. वहिनींनी फ्रिजमधून कालच्या आमटीचा डबा काढून त्यांच्यापुढे उघडला आणि चमच्याने एक पान वर काढून दाखवलं. थोडी आमटी ओट्यावर सांडली. महिला पोलिसाने रुमालाने पुसली.

त्यांनी पानं तपासायची पिशवी आणली होती, तिच्यात पान टाकलं, थांबले, दुसरं टाकलं. काही निघालं नाही. तासाभराने ते चौघे दोनदा वाकून, त्रास दिल्याबद्दल माफी मागून गेले. त्यांना नावं ठेवायला माझ्याकडे काही नाही.

ते गेल्यावर वहिनी तंबूसमोर बसल्या आणि मला पान उलटं करून दाखवू लागल्या. "हे बघा. ही खवले कीड. महिना झाला जात नाहीये. रोज साबणाच्या पाण्याने पुसते. अशी पानं तुमच्या दुकानात कशी द्यायची, लोक तुम्हाला बोलतील. म्हणून मंडळाला दिली असं खोटंच कळवलं. कीड लागली सांगायची लाज वाटली मला, तुम्ही एवढं छान करून दिलेलं. रागावलात ना तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो.

मी जिन्यातून उतरत होतो तेव्हा खालच्या बाई दार किलकिलं करून उभ्या होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी केला नाही.

त्या दिवसानंतर मी मोठा माणूस झालो. मंडळाच्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज फिरला की शेठ वेळेवर धावले म्हणून वाचलो. पुढच्या कार्यक्रमात साहेबांनी माइक घेतला आणि माझं पूर्ण नाव घेऊन सांगितलं की यांच्याइतकं काम जाणणारा माणूस इथे नाही. टाळ्या पडल्या. मला हवं होतं ते सगळं मिळालं, शब्दन् शब्द. मी घरी येऊन जेवलो नाही. बायकोने विचारलं तर पोट बिघडलंय म्हणालो.

आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, ती खालची म्हातारी. तिला आपली माणसं बघवत नाहीत, वास आला की पोलीस बोलावते. वहिनी जिन्यात त्यांना पाठ करून उभ्या राहू लागल्या. बाई एकदा मिठाईचा डबा घेऊन वर आल्या, वहिनींनी दार उघडलं नाही. डबा कडीला टांगून बाई गेल्या. संध्याकाळी वहिनींनी तो तसाच खाली नेऊन त्यांच्या कडीला टांगला. खात्री न करता कळवल्याबद्दल इमारत सांभाळणाऱ्या कंपनीने बाईंना समज दिली, आणि त्यांनी रहिवाशांचं प्रमुखपद सोडलं. कंपनीने वहिनींकडेही पत्र पाठवलं, तंबू आणि पाण्याची सोय काढून टाका, करारात बसत नाही. शाळेत कोणी पोरीला काय विचारलं कोण जाणे. आईने खोदून विचारलं की ती जपानीतून एवढंच म्हणायची, "बेत्सु नी." काही नाही.

एप्रिलच्या शेवटी खालच्या बाई दुकानात आल्या. दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "तेन्चो-सान, मी विचारलं त्या दिवशी तुम्ही बोलता बोलता थांबलात. ते का?"

"मी तर काहीच म्हणालो नव्हतो," मी म्हणालो.

हे खरं होतं. कोणत्याही बाजारात, कोणाहीपुढे मी हे सिद्ध करून दाखवलं असतं. बाईंनी मान डोलावली, जणू भाव कळला. काही न घेता गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत.

जुलैत वहिनींचा फोन आला. ते घर सोडून दुसऱ्या भागात चालले होते. "तो जिना आता नको वाटतो, भाऊजी. पंप, टाकी, नळ्या तुमच्या आहेत, घेऊन जा. झाडं मी कापली."

मी गेलो तेव्हा खोलीत खोकी भरलेली होती. साहेब ऑफिसला. मी गुडघ्यांवर बसून, तंबूतून काढून ठेवलेल्या नळीतले एकेक ड्रिपर ओढून काढत होतो, वहिनी नळीची गुंडाळी करत होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं राहिले इथे. त्या बाईंना मात्र मी जन्मात माफ करणार नाही. हसून बोलायची माझ्याशी."

माझ्या हातात सातवा ड्रिपर होता. मी तो खाली ठेवला आणि सांगितलं. बाई दुकानात आल्या होत्या, त्यांनी काय विचारलं, मी मान कशी केली, काय म्हणालो. त्या चोत्तोचा अर्थ समजावून सांगायची गरज पडली नाही. त्याही इथे नऊ वर्षं होत्या.

त्यांनी हातातली गुंडाळी पुरी करून तिला गाठ मारली. मग म्हणाल्या, "शुक्रवारच्या पानांसाठी?"

"आणि त्या प्लंबिंगसाठी."

"माझ्यावर चिडायचं होतंत. दारात येऊन शिव्या द्यायच्या होत्यात. तुम्हाला येतात की." त्यांचा आवाज चढला नव्हता. "चार महिने त्या म्हातारीला पाठ केली मी. तिने आणलेला डबा तिच्याच दाराला लावला. तुम्ही रोज येऊन सत्कार घेत होतात."

मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "माझं नंतर. आधी खाली जा."

"तुम्ही चला बरोबर. तुम्ही असलात की..."

"नाही. मी माझी वेगळी जाईन. आणि रिकाम्या हाताने जा, मिठाईबिठाई नेऊ नका."

मी खाली गेलो. बाईंनी दार उघडलं, मला आत घेतलं, बुटकं टेबल पुढे केलं. मी पूर्ण वाक्यांत सांगितलं, माझ्या मोडक्या जपानीत, मला माहीत होतं, मी मुद्दाम सांगितलं नाही, राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. त्यांनी चहा केला नाही. ऐकून झाल्यावर उठून एक कोरा कागद आणि पेन आणून माझ्यापुढे ठेवलं.

"हे लिहून द्या. कंपनीच्या कागदांत मी खोटी तक्रार करणारी आहे."

मी लिहिलं, माझ्या उत्तरामुळे गैरसमज झाला असावा. त्यांनी वाचलं आणि शेवटच्या शब्दांवर बोट ठेवलं. मी खोडून झाला असं केलं. त्यांनी बोट आता गैरसमज या शब्दावर नेलं.

"मला समज बरोबरच झाला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही तोच करून दिलात."

"हे असं लिहिलं आणि बाहेर कळलं तर दुकानाला त्रास होईल," मी म्हणालो. "मी कंपनीत जाऊन तोंडी सांगतो, हवं तर तुमच्यासमोर. तेवढ्यावर..."

"हो, त्रास होईल," बाई म्हणाल्या, आणि दुसरा कोरा कागद ठेवला.

आयुष्यात पहिल्यांदा मला समोरच्याने पहिला आकडा सांगितला आणि तोच शेवटचा निघाला. मी लिहिलं. वर कढीपत्ता आहे हे मला माहीत होतं. विचारल्यावर मी लपवलं. या बाईंनी विश्वासाने विचारलं होतं. खाली नाव, दुकानाचा पत्ता, सहीच्या जागी खिशातला शिक्का. अक्षर लहान मुलासारखं आलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, एका ठिकाणी काना चुकावा तशी एक रेघ राहिली होती, ती माझ्याकडून भरून घेतली.

"कंपनीचं ऑफिस माझ्या रस्त्यावरच आहे," मी उठत म्हणालो. "जाता जाता मी देतो."

"नको," त्या म्हणाल्या. "मी नेते."

त्यांनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली, पर्सची चेन लावली, आणि मी बूट घालून बाहेर होईपर्यंत ती दोन्ही हातांनी धरून दारात उभ्या राहिल्या.